भिंतीवरची जुनी तसबीर कोणत्या छापखान्याची? ओळखण्याची सविस्तर पद्धत

कोकणातल्या माजघरात, पुण्यातल्या वाड्यात किंवा गिरगावातल्या चाळीत लक्ष्मी-सरस्वतीची जुनी तसबीर दिसली की "हा रविवर्मा" असे म्हणून आपण पुढे जातो. ही ओळख बहुतेक वेळा अर्धी असते आणि पुष्कळदा चुकीची. मूळ तैलचित्र राजा रविवर्मा यांचे असेलही, पण भिंतीवर टांगला आहे तो छापलेला कागद. तो तयार करणारी माणसे वेगळी, गाव वेगळे आणि काळही वेगळा. दगडावर ठिपका ठिपका देऊन एकेक रंग वेगळा काढणाऱ्या कारागिरांची नावे कागदावर कुठेच नसतात. निदान छापखान्याचे नाव तरी आपण नीट वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून ही पद्धत सविस्तर लिहितो आहे. यासाठी लागते ते दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, एक बॅटरी, एक छोटी अतिनील टॉर्च, मोजपट्टी आणि भरपूर सवड.

आधी छापखान्यांची माहिती

ही माहिती नसेल तर पुढच्या खुणा वाचता येणार नाहीत.

पुण्यात 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी चित्रशाळा छापखाना काढला. पुढे तो वासुदेव गणेश जोशी, म्हणजे वासुकाका जोशी, यांनी चालवला. रामपंचायतन, पौराणिक प्रसंग, मराठेशाहीतले पुरुष अशी रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, चित्रे तिथून घरोघरी गेली. त्याच सुमारास कलकत्त्यातही अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू केला होता. म्हणजे रविवर्मा यांचा छापखाना निघाला तेव्हा देवादिकांची रंगीत छापील चित्रे लोकांना नवीन नव्हती.

रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला. भांडवलात गोवर्धनदास मखनजी भागीदार होते, यंत्रे जर्मनीची होती आणि तंत्रज्ञही जर्मन होते. पहिले चित्र छापले गेले ते शकुंतलाजन्माचे. गिरगाव, घाटकोपर आणि शेवटी लोणावळ्याजवळचे मळवली असा या छापखान्याचा प्रवास झाला. 1896 पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले होते आणि धंदाही कर्जात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्मा यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. ते स्वतः 1906 मध्ये वारले. छापखाना मात्र "रविवर्मा प्रेस" याच नावाने पुढे कित्येक दशके चालू राहिला. 1972 मध्ये तिथे आग लागली आणि बरेच काही नष्ट झाले.

यातली कळीची गोष्ट एवढीच, की कागदावर "रविवर्मा प्रेस" असे छापलेले असणे म्हणजे तो कागद रविवर्मा यांच्या हयातीतला असणे नव्हे. चित्र त्यांचेच असेल असेही नाही. श्लायशरच्या काळात म. वि. धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रेही तिथे छापली गेली. 1906 च्या सुमारास दादासाहेब फाळके याच छापखान्याचे काम करत होते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छपाईच्या धंद्यात होते आणि रंगीत छपाई शिकायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. मळवलीच्या त्या आवारात किती हातांनी काम केले असेल, याचा विचार करूनच पुढची पायरी चढावी.

तसबीर उतरवा, पण लगेच उघडू नका

भिंतीवरून काढलेली तसबीर टेबलावर जाड सुती कापड पसरून त्यावर पालथी ठेवा. आधी मागच्या बाजूचे फोटो घ्या. फळी कशी बसवली आहे, खिळे कुठे आहेत, फ्रेमवाल्याची चिठ्ठी आहे का, हे सगळे टिपून ठेवा. त्या चिठ्ठीवरून निदान तसबीर कोणत्या गावात बांधली गेली ते कळते.

धूळ आत जाऊ नये म्हणून पूर्वी फळीवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवत. तो फाडू नका. त्यावर तारीख सापडली तर तसबीर त्या तारखेनंतर बांधली गेली, एवढेच ठरते. चित्र त्याहून बरेच जुने असू शकते, कारण फुटलेली काच बदलताना तसबीर पुन्हा बांधली जायची.

फळी काढायचीच असेल तर गंजलेले खिळे पकडीने एकेक सरळ वर ओढा, फळीखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. चित्र काचेला चिकटले असेल तर तिथेच थांबा. दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीच्या घरांत, वॉर्निश मऊ पडून काचेला धरते. ओढले की रंगासकट कागद निघतो. हे काम कागद-संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे. अशा ठिकाणी विचारणा केलेली बरी.

फळी निघाली की कागदाची पाठ बघा. जुन्या तसबिरींना पातळ लाकडी पट्ट्यांची पाठ असे. लाकडातल्या आम्लाने कागद तपकिरी होतो, आणि दोन पट्ट्यांच्या फटीतून हवा-धूळ आत आल्याने तिथे वेगळ्या छटेची सरळ रेघ उमटते. कागदावरच्या या रेघा आणि फळीच्या फटी एकमेकांवर बसल्या तर चित्र त्या चौकटीत फार वर्षे आहे असे समजा. चौकट जुनी, फळी काळवंडलेली आणि कागदाची पाठ मात्र एकसारखी पिवळी असेल तर चहाच्या पाण्यात बुडवलेल्या नव्या कागदाची शंका घ्यायला हरकत नाही.

खालची पट्टी वाचा

सगळ्यात जास्त माहिती चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत असते, आणि नेमकी तीच पट्टी फ्रेमवाले कापून टाकत. चौकट तयार मापाची, कागद मोठा, मग खालचा भाग कापायचा. देवाचे चित्र पूर्ण दिसले की गिऱ्हाईकही खूश. त्यामुळे पट्टी शाबूत असलेली तसबीर मिळाली तर तिला विशेष जपा. कधी पट्टी कापलेली नसते, फक्त चौकटीच्या खाचेत दडलेली असते. म्हणून निर्णय देण्यापूर्वी चित्र चौकटीबाहेर काढून बघणे महत्त्वाचे.

पट्टीत साधारण तीन गोष्टी असतात: चित्राचे नाव, छापखान्याचे किंवा प्रकाशकाचे नाव आणि हक्क राखून ठेवल्याची नोंद. चित्राचे नाव अनेकदा इंग्रजीत आणि एक-दोन देशी लिप्यांत असते, कारण तीच चित्रे देशभर विकली जात.

छापखान्याच्या नावापुढचे गाव नीट वाचा. रविवर्मा प्रेसच्या बाबतीत मुंबई, गिरगाव किंवा घाटकोपर असेल तर छाप सुरुवातीच्या वर्षांतला असण्याची शक्यता बरीच. कार्ले, मळवली किंवा लोणावळा असेल तर छापखाना घाटावर गेल्यानंतरचा. हा दुसरा काळ फार लांब आहे, म्हणून तिथे निव्वळ गावावरून वर्ष ठरवू नका. पुढच्या पायऱ्यांची जोड लागते.

छापणारा आणि विकणारा यांत गल्लत होते, तीही टाळा. "अनंत शिवाजी देसाई, मोती बाजार, मुंबई" ही ओळ कित्येक तसबिरींवर सापडते. हे टोपीवाले देसाई चित्रांचे मोठे विक्रेते आणि प्रकाशक होते. त्यांचे नाव दिसले म्हणून छापखाना त्यांचा ठरत नाही. एस. एस. ब्रिजबासी या पेढीचेही तसेच. तिची सुरुवात कराचीत झाली आणि सुरुवातीच्या काळात तिने चित्रे जर्मनीत छापून आणली. ब्रिजबासीच्या नावासोबत कराची छापलेले असेल तर कागद फाळणीपूर्वीचा समजायला चांगला आधार मिळतो.

"जर्मनीत छापलेले" अशी इंग्रजी ओळ दिसली की काहीजण हिरमुसतात, आपली तसबीर नकली आहे असे त्यांना वाटते. तसे नाही. हिंदुस्थानच्या बाजारासाठी देवांची चित्रे जर्मनीत खूप छापली गेली आणि त्यांची छपाई उत्तम असे. परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश साम्राज्यात कायद्याने आली, त्यामुळे ही ओळ उलट काळ ठरवायला उपयोगी पडते.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर प्रश्नच मिटतो. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला.

चित्राच्या आत, कोपऱ्यात दिसणारी रविवर्मा यांची सही आणि सन यांवर मात्र विसंबू नका. ती मूळ तैलचित्रावरची सही असते आणि छापात तशीच उतरते. सन असलाच तर तो तैलचित्राचा, तुमच्या कागदाचा नव्हे. विक्रेते सगळ्यात जास्त बोट ठेवतात ते याच सहीवर.

भिंगातून ठिपके बघा

पट्टी कापलेली असेल तर ही पायरी निर्णायक ठरते, आणि मला स्वतःला ती सगळ्यात आवडते.

शिळाछपाई चालते ती तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या गोष्टीवर. बव्हेरियातल्या झोलनहोफनच्या खाणीतला गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर तेलकट शाईने चित्र उलटे काढायचे, दगड ओला करायचा आणि छपाईची शाई फिरवायची. शाई फक्त तेलकट जागी बसते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. गालावरची गुलाबी छटा, साडीतला गर्द लाल, सावलीतला तपकिरी, सगळे वेगवेगळे. एकेका चित्राला डझनभर किंवा त्याहूनही जास्त दगड लागत, आणि प्रत्येक वेळी कागद अचूक त्याच जागी बसवावा लागे.

फिकी-गडद छटा आणण्यासाठी कारागीर दगडावर हाताने ठिपके देई. म्हणून भिंगातून देवीचा गाल किंवा हाताची सावली बघा. जुन्या शिळाछापात लहानमोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतील, कुठे दाट तर कुठे विरळ, आणि त्यांची ओळ कधीच सरळ जाणार नाही. रंगही पाच-सहा वेगवेगळे ओळखू येतील, आणि त्यांत सपाट, ठिपक्यांशिवायचा एखादा थरही असेल. साडीच्या काठाशी एखादा रंग केसभर सरकलेला दिसेल. ती कागद बसवतानाची चूक, आणि ती दिसली की बरेच वाटते, कारण तिथे माणसाचा हात कळतो.

जाळीच्या पडद्यातून केलेल्या छपाईत, म्हणजे नंतरच्या ऑफसेट छपाईत, चित्र वेगळेच दिसते. तिथे ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे सरळ ओळींत, ठरावीक अंतरावर असतात आणि चार रंगांच्या ओळी एकमेकींवर पडून बारीक फुलांची नक्षी तयार होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची कॅलेंडरे बहुतेक अशीच. त्यांना कमी लेखायचे कारण नाही. मुळगावकर आणि एस. एम. पंडित यांची कॅलेंडरचित्रे आज हौसेने जमवली जातात. फक्त त्यांना शिळाछाप म्हणून विकत घेऊ नये.

तिसरा प्रकार संगणकाच्या प्रिंटरचा. त्यात ना ओळ असते, ना हाताचा ठिपका. अतिशय बारीक रंगीत तुषार सगळीकडे सारखे उडालेले दिसतात. आज बाजारात "जुना रविवर्मा" म्हणून येणारे पुष्कळ कागद याच प्रकारचे आहेत. जुन्या शिळाछापाचा फोटो घेऊन तो प्रिंटरवर छापला तर जुने ठिपकेही त्यात अंधूक दिसतात, म्हणून घाई करू नका. जुन्या ठिपक्याची कडा स्पष्ट असते. नव्या छापात तो ठिपकाच तुषारांचा बनलेला असतो.

भिंग नसेल तर मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा चालेल, पण काचेवरून नव्हे.

वॉर्निश आणि पोत

काही शिळाछापांवर वॉर्निश देऊन, वर कापडाचा पोत दाबून उठवत, म्हणजे लांबून ते कॅनव्हासवरचे तैलचित्र वाटे. यांनाच ऑलिओग्राफ म्हणतात. आपल्याकडे सगळ्याच जुन्या छापांना हे नाव लावतात, पण साधा, वॉर्निश नसलेला शिळाछापही तितकाच अस्सल असतो. तपासायला खोलीत अंधार करून बॅटरी कागदाच्या कडेने आडवी धरा. दाबून उठवलेला पोत लगेच दिसतो. जुने वॉर्निश मधासारखे पिवळे पडलेले असते आणि त्याला बारीक भेगा असतात.

कागद आणि अतिनील टॉर्च

साधारण 1950 नंतर कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायने घालू लागले. अतिनील प्रकाशात असा कागद निळसर-पांढरा झळकतो. त्याआधीचा कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी दिसतो. अंधारात टॉर्च चित्राच्या कोऱ्या पट्टीवर आणि पाठीवर धरा. झळाळी दिसली तर 1894 ची गोष्ट विसरा. झळाळी नसणे मात्र जुनेपणाचा पुरावा नाही, कारण आजही तसा कागद मिळतो. आणखी एक काळजी घ्या: जुने चित्र कुणीतरी नव्या पुठ्ठ्यावर चिकटवले असेल तर पाठ झळकेल आणि समोरची बाजू नाही. दोन्ही बाजू बघूनच ठरवा.

मापही घ्या. मोठे शिळाछाप इंचांच्या मापात होते, 20 बाय 14 इंचांच्या आसपासचे पुष्कळ सापडतात. कागद नेमका आजच्या ए 3 किंवा ए 4 मापाचा निघाला तर सावध व्हा.

चित्र कुणाचे, छाप कुणाचा

एक चित्र लोकप्रिय झाले की दुसरे छापखाने त्याची नक्कल करत. कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी आणि तिच्यामागे पाण्यात सोंडेत माळ धरलेला हत्ती, ही रविवर्मा यांची रचना इतक्या छापखान्यांनी उचलली की मोजणे कठीण. मूळ तैलचित्राच्या किंवा संग्रहालयातल्या खात्रीच्या छापाच्या फोटोशी ताडून बघा. चित्र डावे-उजवे झाले आहे का? साडीचा रंग बदलला आहे का? हत्ती गाळला आहे का? असे काही आढळले तर तो नकलेचा छाप, आणि त्याचा छापखाना वेगळा शोधायचा.

चित्रशाळेचे छाप एकदा डोळ्याखालून गेले की शैलीवरूनच जाणवतात. बाह्यरेषा ठळक, रंग बरेचसे सपाट, पागोट्यांचे आणि लुगड्यांचे वळण पेशवाई. रविवर्मा यांच्या चित्रांत उजेड-सावली, मागचे डोंगर-पाणी आणि अंगाची गोलाई पाश्चात्त्य तैलचित्रांच्या वळणाची असते. पण शैलीला शेवटचा मान द्या. आधी पट्टी, मग ठिपके, मग कागद, आणि त्यानंतर डोळ्यांचा अंदाज.

जर, टिकल्या, मणी

कित्येक तसबिरींत देवीच्या साडीवर खरे कापड, जर, टिकल्या, मणी लावलेले दिसतात. हे छापखान्याचे काम नव्हे. छाप घरी आल्यावर किंवा विक्रेत्याकडे हे सजवले जाई आणि घरोघरच्या बायकांनी दुपारच्या वेळात केलेले असे काम पुष्कळ आहे. "मूळ चित्र बघायचे आहे" म्हणून हे सोलून काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, तसे करू नका. त्या वस्तूला दोन निर्माते आहेत. एकाचे नाव निदान पट्टीत मिळते, दुसरीची खूण म्हणजे ते टाकेच.

विकत घेताना

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चौकट उघडून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर जुन्या छापाची किंमत देऊ नका, फक्त चौकटीची द्या. किमतीचा ठाम आकडा मी सांगणार नाही, कारण एकाच चित्राचे दोन छाप पट्टी, रंग आणि अवस्थेप्रमाणे अगदी वेगळ्या भावाला जातात. पट्टी शाबूत, रंग न उडालेले आणि कसर न लागलेली, हा उतरता क्रम मी धरतो. पाण्याचा डाग मला चालतो. लॅमिनेशन केलेले चित्र मी घेत नाही, कारण ते प्लास्टिक पुढे सुखरूप काढता येत नाही.

जपणूक

तसबीर उन्हात किंवा दमट भिंतीला लावू नका. देवघरात असेल तर समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर पोचणार नाही एवढी वर टांगा, आणि कुंकू चित्राला न लावता काचेला लावा. नव्याने बांधताना कागद आणि काच यांत थोडी फट राहील अशी आम्लविरहित पुठ्ठ्याची पट्टी घाला, मागेही तसाच पुठ्ठा वापरा. जुनी लाकडी फळी कागदाला टेकू देऊ नका, पण टाकूही नका. ती वेगळी जपून ठेवा, कारण तिच्यावरच्या फटी आणि चिठ्ठ्या हा पुरावा आहे. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि ओले फडके कागदाजवळ आणू नका.

तुम्हाला जे सापडले ते वेगळ्या कागदावर लिहून चौकटीच्या मागे पाकिटात ठेवा: पट्टीतला मजकूर जसाच्या तसा, माप, ठिपके कसे, घरात ती कुणाकडून आली. आजीने कोणत्या गावाहून आणली हे सांगणारे माणूस घरात असेल तर आजच विचारून घ्या.

शेवटी परदेशाचा मुद्दा. पुष्कळ घरांतली मुले अमेरिकेत, इंग्लंडमध्ये असतात आणि तसबीर तिकडे न्यायचा विचार निघतो. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा यांच्या कलाकृती तर कलानिधी म्हणून जाहीर झालेल्या आहेत. छाप नंतरच्या काळातला आहे अशी तुमची खात्री असली तरी बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात तो दाखवा आणि पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. अर्जासोबत पट्टीचा, पाठीचा आणि भिंगातून घेतलेल्या ठिपक्यांचा फोटो जोडा.